दवाखान्याचा वाढता साहित्यखर्च : भावाआधी वापराचा हिशेब

आरोग्यसेवा महाग झाल्याची चर्चा बहुधा मोठ्या रुग्णालयांच्या बिलांभोवती फिरते. परंतु सर्दी-तापापासून मधुमेहाच्या नियमित तपासणीपर्यंत असंख्य तक्रारींवरचा पहिला, आणि पुष्कळदा शेवटचाही, उपचार रुग्णालयाच्या बाहेरच होतो. वस्तीतल्या जनरल प्रॅक्टिशनरचा दवाखाना, दंतचिकित्सालय, रक्त-लघवी तपासणारी पॅथॉलॉजी लॅब, नेत्रतपासणी व फिजिओथेरपीची केंद्रे आणि घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या संस्था यांचा या वर्गात समावेश होतो. जागेचे भाडे, पगार आणि वीजबिल या त्यांच्या ठळक खर्चांच्या जोडीला आणखी एक खर्च असतो, जो थोडाथोडा होत असल्यामुळे सहसा कोणी मोजत नाही. हातमोजे, सिरिंज, सुया, गॉज, कापूस, टाक्यांचा दोरा, चाचण्यांची रिएजंट, दात भरण्याचे साहित्य, निर्जंतुकीकरणाची द्रावणे आणि दवाखान्यातूनच दिली जाणारी औषधे यांवर होणाऱ्या या खर्चाला येथे ‘साहित्यखर्च’ असे म्हटले आहे. गेल्या काही वर्षांत तो वाढला आहे आणि त्याचा भार मोठ्या संस्थांपेक्षा छोट्या व्यावसायिकांवर अधिक पडतो.

तो अधिक पडण्याचे कारण उघड आहे. मोठ्या रुग्णालयाला स्वतंत्र खरेदी विभाग असतो, वर्षभराचा ठरीव दर करारात बांधून घेण्याइतका खप असतो आणि एका पुरवठादाराने भाव वाढवला तर दुसऱ्याकडे जाण्याची मुभा असते. याउलट दवाखान्याचा माल डब्याच्या हिशेबाने येतो, बहुधा एकाच ओळखीच्या स्टॉकिस्टकडून, निम्मा उधारीवर आणि तोही मदतनिसाने ‘संपत आलंय’ असे सांगितल्यावर घाईघाईने मागवलेला. या घाईत भावाची घासाघीस फारशी साधत नाही, आणि साधली तरी मिळणारी सूट चार-सहा टक्क्यांच्या पुढे क्वचितच जाते. त्यामानाने न वापरता मुदत संपलेल्या, गरजेपेक्षा मोठ्या मापात उघडलेल्या किंवा गरज नसताना वापरलेल्या साहित्यात जाणारा पैसा बहुतेक ठिकाणी याहून मोठा असतो, पण बिलावर तो कोठेच दिसत नाही. म्हणून छोट्या व्यावसायिकाने भावाकडे वळण्यापूर्वी आपल्या वापराचा हिशेब मांडावा, हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

भाव का वाढतात

वैद्यकीय उपकरणे आणि त्यांचे सुटे भाग यांच्या बाबतीत भारत मोठ्या प्रमाणात आयातीवर अवलंबून आहे, तर येथे बनणाऱ्या अनेक औषधांचा मूळ रासायनिक घटक, ज्याला ‘बल्क ड्रग’ किंवा एपीआय म्हणतात, प्रामुख्याने चीनमधून येतो. त्यामुळे रुपयाची घसरण दवाखान्याच्या कपाटापर्यंत पोहोचते. २०२० च्या आरंभी एका डॉलरला सुमारे ७१ रुपये पडत होते, तर डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० रुपयांची पातळी ओलांडली. परदेशी ॲनालायझरवर चालणाऱ्या लॅबचे रिएजंट आणि दंतवैद्याचे आयात साहित्य महागण्यास एवढा एक फरकही पुरेसा आहे. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यामुळे युरोपातून येणाऱ्या मालाचे भाडे आणि पोहोचण्याचा काळ दोन्ही वाढले. कच्च्या मालाची गोष्ट वेगळी नाही. नायट्राइल हातमोज्यांचे रबर खनिज तेलापासून बनते, तर गॉज-बँडेजचा भाव कापसाबरोबर हलतो. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाच्या ३५६ किलोच्या खंडीचा भाव एक लाख रुपयांच्या वर गेला, तेव्हा तमिळनाडूतील राजपाळयमसारख्या बँडेज विणणाऱ्या केंद्रांपासून गावातल्या दवाखान्यापर्यंत त्याची झळ पोहोचली.

नियमांच्या पालनालाही खर्च येतो. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या दृष्टीने ‘औषध’ ठरली आणि पुढे ती बनवणाऱ्यांना व आयात करणाऱ्यांना टप्प्याटप्प्याने परवाना आवश्यक झाला. गुणवत्तेच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्हच आहे, मात्र परवान्याचा आणि चाचण्यांचा खर्च उत्पादक शेवटी किमतीतच धरतो. जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या सामायिक केंद्रांच्या सेवेवर १८ जुलै २०२२ पासून जीएसटी लागू झाला, त्यामुळे साहित्य फेकण्याचाही खर्च वाढला.

किंमत नियंत्रणाचा आधार किती

सरकारचे किमतींवर नियंत्रण असताना भाव वाढतातच कसे, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ नुसार राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण म्हणजे एनपीपीए अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती ठरवते आणि दरवर्षी १ एप्रिलपासून घाऊक किंमत निर्देशांकातील बदलाएवढी वाढ त्यांत होऊ देते. ही वाढ २०२२ मध्ये सुमारे १०.८ टक्के, २०२३ मध्ये सुमारे १२.१ टक्के, २०२४ मध्ये जवळजवळ शून्य आणि २०२५ मध्ये सुमारे १.७ टक्के होती. यादीबाहेरच्या औषधांची आणि बहुतेक उपकरणांची छापील कमाल किंमत, म्हणजे एमआरपी, उत्पादकाला बारा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. याशिवाय विशेष परिस्थितीत प्राधिकरण वेगळी वाढही देऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आठ औषधांच्या अकरा प्रकारांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवण्यात आल्या, कारण जुन्या किमतीत ती बनवणे परवडत नसल्याने त्यांचा पुरवठाच बंद पडण्याची भीती होती. बेंझिल पेनिसिलिन, ॲट्रोपिन व स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने, साल्ब्युटामोलच्या गोळ्या आणि लिथियम ही त्यांतील काही नावे असून साध्या दवाखान्यातही ती अनोळखी नाहीत.

यातली खरी मेख अशी की ही सारी नियंत्रणे एमआरपीवर आहेत, आणि दवाखाना माल एमआरपीने घेत नाही. तो ‘नेट रेट’ने घेतो, म्हणजे सूट व स्कीम वजा जाता प्रत्यक्ष पडणाऱ्या भावाने. एमआरपी आणि नेट रेट यांत किती अंतर असू शकते याची कल्पना जुलै २०२१ च्या एका निर्णयावरून येते. पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाबमापक, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर या पाच उपकरणांच्या व्यापारी नफ्यावर त्या वेळी ७० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली, कारण वितरकाला पडणारा भाव आणि छापील किंमत यांतला फरक काही ठिकाणी सातशे टक्क्यांवर गेल्याचे उत्पादकांच्याच माहितीतून दिसले होते. एवढी मोकळी जागा असेल तेथे स्टॉकिस्टने नेट रेट वीस टक्क्यांनी वाढवला तरी एमआरपीला धक्का लागत नाही आणि कोणताही नियम मोडत नाही. त्यामुळे ‘एमआरपी तीच आहे’ हे पुरवठादाराचे उत्तर खरे असले तरी निरर्थक असते. प्रत्येक वस्तूचा नेट रेट दर खरेदीला एका वहीत किंवा संगणकाच्या तक्त्यात तारखेसह उतरवून ठेवावा. सहा महिन्यांच्या नोंदीतून कोणती वस्तू किती वाढली हे स्पष्ट दिसते आणि पुरवठादाराशी बोलणेही मग नेमक्या आकड्यांवर होते.

जीएसटीच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आरोग्यसेवा जीएसटीमुक्त असल्यामुळे दवाखाना रुग्णाकडून हा कर घेत नाही, आणि म्हणूनच खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही, म्हणजे ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’, त्याला मिळत नाही. भरलेला कर हा सरळ खर्च ठरतो. दुसरी गोष्ट दरकपातीची. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधे, रोगनिदानाची किट व रिएजंट, गॉज-बँडेज, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे यांवरील दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. १०० रुपये मूळ किमतीच्या वस्तूचे पूर्वीचे ११२ रुपयांचे बिल आता १०५ रुपयांचे व्हायला हवे, म्हणजे प्रत्यक्ष खर्चात सव्वासहा टक्क्यांची घट दिसायला हवी. बिलावर कर ५ टक्के दिसत असूनही बेरीज ११२ च राहिली असेल, तर मूळ किंमत १०० वरून १०६ रुपये ६७ पैशांपर्यंत वाढली आहे असा त्याचा अर्थ होतो. सप्टेंबर २०२५ च्या आधीचे एक आणि नंतरचे एक बिल शेजारी ठेवून मूळ किमतीचा रकाना ताडून पाहण्यास अर्धा तास पुरतो. ज्याने अजून हे केलेले नाही त्याने ते आधी करावे.

एका उपचाराला किती साहित्य

वापराचा हिशेब मांडताना महिन्याच्या एकूण खरेदीपासून सुरुवात करू नये. कारण त्या आकड्यात वाढलेले रुग्ण, वाढलेले भाव आणि वाया गेलेला माल हे तिन्ही एकत्र मिसळलेले असतात. त्याऐवजी दवाखान्यात सर्वाधिक वेळा होणाऱ्या पाच-सहा प्रक्रिया निवडाव्यात, उदाहरणार्थ जखमेचे ड्रेसिंग, इंजेक्शन, टाके, दाताचे रूट कॅनाल, रक्तनमुना घेणे, आणि त्या प्रत्येकीला काय व किती लागते हे प्रत्यक्ष पाहून लिहावे. ही नोंद डॉक्टरांनी आठवणीने न करता ड्रेसिंग करणाऱ्या मदतनिसाने किंवा परिचारिकेने करावी, कारण साहित्य त्यांच्या हातून खर्च होते आणि नासाडी कोठे होते हेही त्यांनाच ठाऊक असते.

अशी नोंद ठेवल्यावर काय दिसते याचे ड्रेसिंग हे चांगले उदाहरण आहे. पुष्कळ दवाखान्यांत जखम धुण्यासाठी सलाइनची ५०० मिलिची बाटली उघडली जाते, तिच्यातले जेमतेम ५०-६० मिलि वापरले जाते आणि उरलेली बाटली एकतर संध्याकाळी ओतून दिली जाते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, झाकण लावून दुसऱ्या दिवसासाठी ठेवली जाते. सलाइनमध्ये जंतूंची वाढ रोखणारे कोणतेही द्रव्य नसते, त्यामुळे उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी जखमेवर वापरणे धोक्याचे आहे. १०० मिलिची बाटली मिलिच्या हिशेबाने महाग असली तरी दिवसाला एक-दोनच जखमा येणाऱ्या दवाखान्यात तीच स्वस्त पडते, आणि सुरक्षितही असते. गॉजच्या मोठ्या थानापेक्षा आवश्यक तेवढे तुकडे कापून छोट्या पाकिटांत निर्जंतुक केले तर एका ड्रेसिंगला एकच पाकीट उघडते. वारंवार टोचता येणाऱ्या इंजेक्शनच्या बाटलीवर, म्हणजे ‘मल्टिडोस व्हायल’वर, उघडल्याची तारीख लिहावी, कारण उत्पादकाने वेगळी मुदत दिली नसेल तर ती २८ दिवसांनी टाकून द्यावी लागते, आणि तारीख नसलेली बाटली सावध माणूस त्याआधीच फेकतो तर बेफिकीर माणूस त्यानंतरही वापरतो.

गरज नसताना होणारा वापर हा याहून नाजूक विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हातमोजेविषयक मार्गदर्शनानुसार नाडी, ताप व रक्तदाब पाहताना किंवा अखंड त्वचेवर स्नायूत व त्वचेखाली इंजेक्शन देताना हातमोज्यांची आवश्यकता नसते, मात्र हात स्वच्छ करणे अनिवार्य असते. कोविडच्या काळात प्रत्येक रुग्णामागे मोजे घालण्याची सवय लागली आणि ती अनेक ठिकाणी तशीच राहिली आहे. त्यातही तीच जोडी एका रुग्णावरून दुसऱ्या रुग्णाकडे जात असेल तर खर्चही होतो आणि संसर्गही पसरतो. इंजेक्शनांबाबतही हेच म्हणावे लागेल. गोळीने भागत असताना ‘सुई मारली की बरं वाटतं’ या रुग्णाच्या आग्रहापुढे मान तुकवली की सुई, सिरिंज, औषध, स्पिरिट, कापूस आणि कचऱ्याची विल्हेवाट असा सहा प्रकारचा खर्च एकदम होतो. येथे वैद्यकीय विवेक आणि काटकसर एकाच दिशेने जातात.

लॅबचे वेगळे गणित

पॅथॉलॉजी लॅबचा साहित्यखर्च इतरांपेक्षा फसवा असतो. समजा, थायरॉइडच्या टीएसएच चाचणीचे १०० चाचण्यांचे किट ९,००० रुपयांना मिळते. कागदावर एका चाचणीचा खर्च ९० रुपये दिसतो आणि दरपत्रक त्यावरच बेतले जाते. परंतु यंत्र बरोबर मोजत आहे याची खात्री करण्यासाठी ज्ञात मूल्याचे नमुने, म्हणजे ‘कंट्रोल’, चालवावे लागतात. दोन पातळ्यांचे कंट्रोल रोज चालवले तर २४ कामाच्या दिवसांत ४८ चाचण्या त्यांतच जातात, आणि यंत्राचे प्रमाणीकरण म्हणजे कॅलिब्रेशन करण्यासाठी आणखी सहा धरल्या तर रुग्णांसाठी ४६ उरतात. यंत्रात चढवलेले किट २८ दिवसच टिकत असेल आणि त्या काळात ४० रुग्ण आले, तर प्रत्येक अहवालामागे रिएजंटचा खरा खर्च ९० नव्हे, २२५ रुपये पडतो. १५ च रुग्ण आले तर तो ६०० रुपयांवर जातो. हे आकडे नमुन्यादाखल घेतले असले तरी गणिताची रीत प्रत्येक लॅबला लागू पडते, आणि ती प्रत्येक चाचणीसाठी स्वतंत्रपणे करून पाहावी लागते.

यातून निघणारे निर्णय बहुधा स्पष्ट असतात. ज्या चाचण्या महिन्याला मोजक्याच येतात त्या मोठ्या संदर्भ लॅबकडे पाठवाव्यात, जरी त्यामुळे आपल्या यादीतले एक नाव कमी झाल्यासारखे वाटले तरी. ज्यांना महिन्याला एकाहून अधिक किट लागते त्या चाचण्या रोज न चालवता दिवसाआड एकत्र चालवता येतात का ते पाहावे. वरील उदाहरणातल्या दराने अशा चाचणीचे बारा दिवसांचे कंट्रोल वाचले तर २४ चाचण्यांचे म्हणजे २,१६० रुपयांचे रिएजंट वाचते. ज्या दिवशी रुग्णांचे नमुने चालतात त्या दिवशी कंट्रोल चालवलाच पाहिजे, ही अट मात्र अबाधित राहते. तो वगळून केलेली बचत म्हणजे चुकीच्या अहवालाची तयारी होय. अहवाल कोणत्या दिवशी मिळेल हे रुग्णाला नमुना देतानाच सांगितले तर एका दिवसाचा उशीर बहुतेकांना चालतो.

‘रिएजंट रेंटल’ कराराबद्दल अधिक सावध राहावे. या पद्धतीत कंपनी महागडे ॲनालायझर विनामूल्य किंवा नाममात्र रकमेवर बसवून देते आणि त्याबदल्यात लॅबने काही वर्षे तिचीच रिएजंट ठरावीक किमान प्रमाणात घ्यायची असतात. हे यंत्र बहुधा ‘क्लोज्ड सिस्टम’चे, म्हणजे इतर कंपन्यांची रिएजंट न स्वीकारणारे, असल्यामुळे एकदा ते बसले की भावाबाबत बोलण्याची लॅबची शक्ती संपते. म्हणून जे काही बोलायचे ते सही करण्यापूर्वी बोलावे. वर्षाला जास्तीत जास्त किती टक्के दरवाढ होईल, ती रुपयांत ठरेल की डॉलरच्या भावाशी जोडलेली असेल, किमान खरेदी झाली नाही तर फरक कोणी भरायचा, बंद पडलेले यंत्र किती तासांत दुरुस्त होईल, खराब निघालेले किट बदलून मिळेल का आणि मुदतीपूर्वी करार सोडायचा झाल्यास काय द्यावे लागेल, हे सारे करारात शब्दांत लिहिलेले असावे. प्रतिनिधीने तोंडी दिलेला शब्द त्याची बदली होईपर्यंतच टिकतो.

खरेदी, साठा आणि स्कीमचा मोह

साठ्याचे सूत्र सोपे आहे. आठवड्याचा खप गुणिले माल पोहोचायला लागणारे आठवडे, अधिक अडीअडचणीसाठी थोडी शिल्लक, एवढ्या पातळीवर साठा आला की मागणी नोंदवावी. आठवड्याला हातमोज्यांचे चार डबे लागतात आणि तालुक्याच्या गावी माल यायला दोन आठवडे लागतात, तर आठ अधिक चार असे बारा डबे उरताच मागणी जायला हवी. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीट, पुण्याच्या सदाशिव पेठ किंवा नागपूरच्या गांधीबाग या घाऊक बाजारांजवळ असलेल्या दवाखान्याला एवढा साठा लागणार नाही. गडचिरोली किंवा नंदुरबारमधल्या दवाखान्याला पावसाळ्यात तो वाढवावा लागेल. कपाटात माल मांडताना ज्याची मुदत आधी संपते तो पुढे ठेवावा, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुढील तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या वस्तूंची यादी काढावी. मुदतीपूर्वी ठरावीक दिवस आधी कळवल्यास स्टॉकिस्ट माल परत घेतो का, हे प्रत्येकाला खरेदीच्या वेळीच विचारून ठेवावे.

महिन्याच्या आणि तिमाहीच्या शेवटी विक्रीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी ‘दहावर दोन’, ‘दहावर तीन’ अशा स्कीम येतात. ज्या वस्तूचा खप निश्चित आहे तिच्यासाठी त्या जरूर घ्याव्यात, पण महिन्याला दोन नग जाणाऱ्या वस्तूचे तेरा नग घेतले तर शेवटचे काही मुदतबाह्य होऊन फुकटचा माल विकतच्यापेक्षा महाग पडतो. उधारीचेही तसेच आहे. सात दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के रोखसूट आणि अन्यथा ३० दिवसांची उधारी असा पर्याय असेल, तर २३ दिवस पैसे वापरण्यासाठी मोजलेले ते २ टक्के वार्षिक व्याजाच्या हिशेबाने सुमारे ३२ टक्के होतात, आणि बँकेचे कर्ज सहसा याहून स्वस्त असते. हाताशी पैसा असेल तर रोखसूट सोडू नये.

एकत्रित खरेदीची ताकद मोठ्या संस्थांनी सिद्ध करून दाखवली आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील रुग्णालयांनी चाळीस औषधांसाठी मिळून वाटाघाटी केल्या, तेव्हा खरेदीत सुमारे ८२ टक्के बचत झाली. कर्करोगाच्या औषधांवरचा नफा असाधारण मोठा असल्यामुळे दवाखान्यांनी एवढ्या बचतीची अपेक्षा धरू नये. परंतु एका तालुक्यातील वीस-पंचवीस दवाखान्यांनी किंवा वैद्यकीय संघटनेच्या स्थानिक शाखेने हातमोजे, सिरिंज, गॉज, निर्जंतुकीकरणाची द्रावणे अशा दहा-बारा समान वस्तूंची वर्षाची एकत्र गरज काढून तीन स्टॉकिस्टांकडून भाव मागवण्यात काहीच अवघड नाही. येथे कायद्याची एक मर्यादा पाळावी लागते. नोंदणीकृत डॉक्टरला स्वतःच्या रुग्णांना औषध देण्यासाठी विक्रीचा परवाना लागत नाही, पण एका डॉक्टरने सर्वांसाठी औषधे विकत घेऊन इतरांना वाटणे हे वितरण ठरू शकते आणि त्याला परवाना लागतो. म्हणून दर एकत्र ठरवावा, मात्र मागणी, बिल आणि पैसे प्रत्येकाचे स्वतंत्र ठेवावेत. बिल परवानाधारक विक्रेत्याचेच असावे आणि त्यावर बॅच क्रमांक असावा. बाजारभावाहून विलक्षण स्वस्त औषध दिसल्यास आनंदापेक्षा शंका आधी यावी, कारण नागपूर जिल्ह्यात शासकीय पुरवठ्यातही बनावट प्रतिजैविके शिरल्याचे आणि त्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर व स्टार्च असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आहे.

कात्री कोठे लावू नये

काटकसरीची सवय लागली की ती नको तेथेही पोहोचण्याचा धोका असतो, म्हणून काही वस्तू हिशेबातून आधीच बाजूला काढून ठेवाव्यात. एकदा वापरायची सुई आणि सिरिंज, रक्तशर्करा पाहण्याची टोचणी, प्रक्रियेच्या वेळचे हातमोजे, ऑटोक्लेव्हची देखभाल आणि त्याचे काम बरोबर झाल्याचे दाखवणारी निर्देशक पट्टी यांत बचत शोधू नये. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे हेपेटायटिस बीची साथ पसरली, शेकडो लोकांना लागण झाली आणि त्यांतले अनेक दगावले. सिरिंजचा खर्च उपचाराच्या खर्चात नगण्य असतो, आणि हा धोका मात्र रुग्णाच्या जिवावरचा असतो. खरी बचत जेथे शक्य आहे तेथे ती याच्या उलट दिशेने मिळते, म्हणजे एकदाच वापरण्याच्या प्लास्टिक ट्रेऐवजी ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक होणारे स्टीलचे ट्रे व उपकरणे वापरून.

शुल्क आणि कर

एवढे करूनही खर्चात खरी वाढ उरतेच, आणि ती शुल्कात यावी लागते. महाराष्ट्रातील अनेक जनरल प्रॅक्टिशनर तपासणी आणि दोन-तीन दिवसांची औषधे मिळून एकच रक्कम घेतात. रुग्णाला हे सोयीचे वाटते, पण औषध महागले की तेवढी रक्कम डॉक्टरच्या स्वतःच्या शुल्कातून वजा होते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. तपासणी, औषध आणि प्रक्रिया यांचे शुल्क वेगळे दाखवले तर सरसकट वाढ टाळून ज्या प्रक्रियेचे साहित्य खरोखर महागले तिचेच शुल्क वाढवता येते. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार शुल्काचा फलक दवाखान्यात लावणे अपेक्षितच आहे. दीर्घकाळ घ्यायची औषधे दवाखान्यातून न देता जेनेरिक नावाने चिठ्ठीवर लिहून दिली तर रुग्ण ती जनऔषधी केंद्रातून पुष्कळच कमी किमतीत घेऊ शकतो, आणि दवाखान्याचा तेवढा साठाही कमी होतो. कंपन्यांशी किंवा विमा संस्थांशी ठरीव दराचा करार असेल तर त्यात वार्षिक दरसुधारणेचे कलम असावे. ते नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी साहित्यखर्चाची सहा महिन्यांची नोंद दाखवून मागावे.

कराबाबतची एक गोष्ट हिशेबनिसाशी बोलावी अशी आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४४एडीएनुसार वार्षिक जमा ५० लाख रुपयांपर्यंत, आणि रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत, असलेल्या डॉक्टरला जमेच्या ५० टक्के रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. नव्या आयकर कायद्यातही ही सवलत वेगळ्या क्रमांकाच्या कलमात कायम आहे. हिशेबाची वही ठेवण्याचा त्रास वाचत असल्याने ही पद्धत लोकप्रिय आहे. परंतु साहित्य महागून प्रत्यक्ष खर्च जमेच्या निम्म्याहून पुढे गेला, जसे आयात साहित्य वापरणाऱ्या दंतचिकित्सालयात घडू शकते, तर न मिळालेल्या उत्पन्नावरही कर भरला जातो. अशा वेळी रीतसर वह्या ठेवून, आणि आवश्यक तेथे लेखापरीक्षण करून, प्रत्यक्ष खर्च दाखवणे किफायतशीर ठरते का, हे दरवर्षी मार्च उजाडण्याआधी तपासावे. त्यासाठी लागणारी बिले मात्र एप्रिलपासूनच जपून ठेवलेली असावी लागतात.